तिसरी पिन

मित्रांनो, मी जुना आहे की नवा, हे मला स्वतःलाच नीट सांगता येत नाही. माझ्या पोटातला जाडजूड ट्रान्सफॉर्मर साठीच्या घरातला आहे. तो ज्या पत्र्यावर बसवलाय तो पत्रा दीड वर्षापूर्वीपर्यंत एका कूलरची पाठ होता. पेटी मोडक्या दिवाणाच्या फळ्यांची. तोंडावर जे खरबरीत कापड ताणून बसवलंय, ते तागाचं पोतं आहे. त्यावर निळ्या शाईत 'वजन ५० कि' एवढं अजून वाचता येतं. पुढचा 'लो' स्क्रूखाली गेला. घरात नवीन कुणी आलं की आधी ते वाचतं, मग माझ्याकडे वाकून बघतं आणि विचारतं, "ह्याच्यात काय ठेवता, गहू का?"

गहू नाही हो. मी गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर आहे. घरी बनवलेला आणि व्हॉल्व्हचा. व्हॉल्व्ह म्हणजे बोटाएवढ्या काचेच्या नळ्या. चालू केलं की त्यांच्या आत तांबूस उजेड दिसतो. गिटारची तार हलली की अगदी इवलीशी वीज तयार होते. माझे व्हॉल्व्ह तिला मोठी करतात आणि मग ती पोत्याआडच्या स्पीकरमधून गाऊ लागते. काम सोपं वाटतं. पण मला जन्मतः एक खोड होती. कुणी तार छेडो न छेडो, मी आपला घुमत बसायचो. मेकॅनिक लोक याला हमिंग म्हणतात. त्या घुमण्याच्या मागे लागलेल्या एका मुलीची ही गोष्ट आहे, आणि तिच्या मामाचीही. कारण त्या मामाने पस्तीस वर्षं काय दडवून ठेवलं होतं, ते फक्त मला ठाऊक होतं.

मला कसं ठाऊक, ते सांगतो. माझी सगळी आठवण त्या ट्रान्सफॉर्मरमध्ये आहे. तो पूर्वी बद्रीनाथमामांच्या लाऊडस्पीकरच्या डब्यात होता. मामांचं गंगापुरात लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचं दुकान होतं. लग्न असो, भजन असो, निवडणुकीची सभा असो, मामांचे दोन डबे आणि चार भोंगे बैलगाडीत नाहीतर जीपमध्ये चढायचे. सोबत असायचा त्यांचा जिवलग दोस्त गोकुळ. गोकुळ विजेवरचा बेंजो वाजवायचा. त्याची बोटं अशी पळायची की वऱ्हाडी जेवण सोडून उठायचे. मला त्याचं भारी कौतुक होतं. त्याच्या बेंजोची तार माझ्याच डब्यात यायची.

मग एक दुपार आली. हळदीची दुपार होती. अंगणात पाणीच पाणी झालेलं. गोकुळ अनवाणी उभा राहून वाजवत होता. आदल्या खेपेला जीपमध्ये आमच्या डब्याची मुख्य वायर घासून सोलली होती, ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ती उघडी वायर पत्र्याला टेकली. कुठंही काम असलं की मामा प्रत्येक डब्याजवळ जमिनीत एक लोखंडी सळई ठोकायचे, वर मिठाचं पाणी ओतायचे आणि डबा त्या सळईला तारेने बांधायचे. डब्यात भलतीकडे वीज आलीच, तर ती माणसाच्या अंगातून न जाता सळईतून मातीत जावी म्हणून. यालाच अर्थिंग म्हणतात. त्या दुपारी माझ्या डब्याची तार सळईला बांधलेली नव्हती. घुमतंय, घुमतंय अशी वरपक्षाची तक्रार आली आणि कुणीतरी ती सोडून ठेवली. कुणी, ते मी पाहिलं होतं.

गोकुळ चार हात लांब फेकला गेला. वाचला. पण उजव्या हाताची दोन बोटं कायमची ताठ झाली आणि त्याने पुन्हा तारेला हात लावला नाही. मित्रांनो, ती वीज माझ्या अंगातून गेली होती. मी निर्जीव म्हणून मला कुणी बोल लावला नाही, पण मला ते आजही विसरता येत नाही.

पुढे मोठमोठे डीजेचे बॉक्स आले. कानामागून आले आणि तिखट झाले. मामांनी दुकान बंद केलं, डबा खोलून ट्रान्सफॉर्मर काढला आणि पत्र्याच्या पेटीत टाकला. तिथं मी वीस-बावीस वर्षं जुन्या सायकलच्या चेनशेजारी पडून होतो. गोकुळकाका अधूनमधून ओट्यावर येऊन बसायचे. दोघं पावसापाण्याचं बोलायचे. त्या दुपारचा विषय कधी निघायचा नाही.

आता प्रेरणाबद्दल. प्रेरणा म्हणजे मामांची भाची, त्यांच्या धाकट्या बहिणीची, मनकर्णाबाईंची मुलगी. राहायला शहरातल्या सिडको वसाहतीत, नोकरी जवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात. तिथं तयार होणाऱ्या वस्तूंत कुठं बिघाड आहे, ते हुडकायचं तिचं काम. गिटार ती कॉलेजपासून वाजवते, गाणी स्वतः लिहिते, आणि गाते अगदी खालच्या आवाजात, शेजारी बसलेल्याला सांगावं तशी. तिला व्हॉल्व्हचा गोल, उबदार आवाज हवा होता. विकतचा परवडणारा नव्हता. एका भाऊबीजेला मामा आले ते पिशवीत मला घेऊनच.

"घे," ते म्हणाले. "तुझ्या मामाकडं दुसरं काय असणार? हे एक लोखंड हाय."

मग दर दुसऱ्या शनिवारी मामा एसटीने यायचे आणि मामा-भाची गच्चीवरच्या खोलीत मला घडवायची. पत्रा कापायचं काम मामांचं, वायरींचा नकाशा प्रेरणाचा. एका बाबतीत मात्र मामा नकाशाला जुमानायचे नाहीत. जिथं जिथं एखादी वायर अर्थिंगला जायची, तिथं ते जवळच पत्र्याला भोक पाडून स्क्रूने ती घट्ट आवळायचे. नकाशात एक जागा दाखवलेली. मामांनी नऊ केल्या.

"मामा, नऊ कशाला?" प्रेरणाने विचारलं.

"अर्थिंगमध्ये कंजूषी करायची नाय," मामा म्हणाले आणि दहावं भोक पाडायला जागा बघू लागले.

पहिल्यांदा बटण दाबलं तो दिवस मला चांगला आठवतो. व्हॉल्व्ह तापले, तांबूस उजेड आला, प्रेरणाने टाळी वाजवली आणि मी तोंड उघडलं. घूंऽऽऽ. खिडकीची काच थरथरली. खालून मनकर्णाबाई ओरडल्या, "दादा, घरात भुंगा पाळला का काय?"

"नवीन हाय," मामा म्हणाले. "बसंल हळूहळू."

मी बसलो नाही. दुसरी एखादी मुलगी कंटाळली असती. प्रेरणाचे मात्र डोळे चमकले. तिने शंभर पानी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं : एका वेळी एकच बदल. तिच्या कारखान्यातली ही शिस्त. मामांची रीत उलटी. ते चार वायरी एकदम बदलायचे आणि आवाज सुधारला की कशामुळे सुधारला ते कुणालाच सांगता यायचं नाही. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असा तो कारभार. यावरून दोघांची दर खेपेला जुंपायची, आणि मला ते ऐकायला फार आवडायचं.

आधी तिने माझ्याभोवतीच्या वस्तू एकेक बंद केल्या. कूलर बंद, पंखा बंद, मोबाईलचा चार्जर काढला. काही फरक नाही. मग खोलीतला दिवा बंद केला आणि माझ्या आवाजातली चरचर एकदम गेली. म्हणजे चरचर माझी नव्हतीच, स्वस्तातल्या एलईडी दिव्याची होती. माझ्यावरचा एक आळ गेला. घूं मात्र तशीच.

मग तिने एक गंमत केली. गिटारच्या दांडीवरच्या तिसऱ्या पट्टीत जाड तारेवर बोट ठेवलं आणि तार छेडली. माझी घूं आणि तो सूर जवळजवळ जुळले. ती कान माझ्या पोत्याला लावून बराच वेळ बसली. तिला त्या घूंमध्ये दोन सूर ऐकू आले, एक तिसऱ्या पट्टीतला आणि दुसरा त्याच्याच खालच्या सप्तकातला, खर्जाचा.

"मामा, भुंगा एक नाय. दोन हायेत."

झालं होतं असं, मित्रांनो. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे होते. तो झाला खर्ज. व्हॉल्व्हना लागते सरळ, न हलणारी वीज. ती सरळ करताना पन्नासाचे शंभर हिंदोळे होतात. तो तिसऱ्या पट्टीतला सूर. म्हणजे नुसत्या सुरावरून चोर कुठल्या गल्लीतला, हे कळतं! मला स्वतःला पासष्टीकडे झुकताना हे पहिल्यांदा कळलं.

वरच्या सुराचा चोर सापडायला वेळ लागला नाही. सरळ केलेली वीज साठवायला माझ्या पोटात कपॅसिटर असतो. आमच्या भागात नळाला पाणी रोज येत नाही. ज्याची टाकी मोठी, त्याच्या घरातली धार तुटत नाही. माझी टाकी छोटी होती. प्रेरणाने मोठा कपॅसिटर बसवला आणि शंभराचा भुंगा जवळपास विरला. हे सगळं करताना ती आधी माझा प्लग काढायची, थांबायची आणि कपॅसिटरमधली उरलेली वीज रिकामी झाल्याची खात्री केल्याशिवाय आत बोट घालायची नाही. माझ्या पोटातली वीज बंद केल्यावरही काही वेळ जागी असते. हे ध्यानात ठेवा आणि मोठं माणूस सोबत नसताना माझ्यासारख्याच्या पोटात हात घालू नका.

खर्जाचा भुंगा चिवट निघाला. व्हॉल्व्हना तापवणाऱ्या दोन वायरी मामांनी सुट्ट्या सोडल्या होत्या. प्रेरणाने त्या एकमेकींत घट्ट पिळल्या.

"पोरीनं वायरींची वेणी घातली!" मामा हसले.

पण वेणी घातल्यावर एका वायरीची कुरबुर दुसरीने मिटवली आणि मी बराच निवळलो. मामांचं हसू थांबलं. त्यांनी वेणी निरखून बघितली आणि म्हणाले, "आमच्या टायमाला हे कुणी सांगितलं नाय."

पुढे असं आढळलं की माझे दोन ट्रान्सफॉर्मर, एक विजेचा आणि एक स्पीकरचा, समोरासमोर तोंड करून बसलेत. मोठ्याची थरथर छोट्यात उतरत होती. छोट्याचे स्क्रू सैल करून तिने त्याला हळूहळू फिरवलं आणि रुसलेल्या जावेसारखं आडव्या तोंडाने बसवलं. आणखी उतार पडला. मग बांबूच्या कोरड्या काडीने ती एकेक वायर हलवून बघायची आणि कान देऊन ऐकायची. तिच्या काडीच्या टोकाला मला गुदगुल्या व्हायच्या.

एवढं करूनही खर्ज उरलाच. बोलताना कळायचा नाही, पण खोली शांत झाली की हजर. प्रेरणाने वहीत लिहिलं : आता फक्त अर्थिंगच्या नऊ जागा तपासायच्या राहिल्या.

"बाकी काय बी कर," मामा म्हणाले. आवाज एकदम वेगळा होता. "अर्थिंगला हात लावायचा नाय."

"पण मामा, मी काढत नाय. नुसतं..."

"नाय म्हणलं ना."

मामा तिच्यावर कधी चढ्या आवाजात बोलत नसत. तिने वही मिटली. का नाही, ते मामांनी सांगितलं नाही आणि मला सांगता येईना.

इकडे दिवस ठरला होता. सिडकोतल्या एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये रविवारी संध्याकाळी प्रेरणाची सहा गाणी व्हायची होती. लोकांपुढे पहिल्यांदाच. पहिलं गाणं एका तारेवर सुरू होतं आणि ती जवळजवळ कुजबुजते. त्या कुजबुजीखाली माझी घूं असती, तर शेवटच्या रांगेला गाणं नव्हे, मीच ऐकू गेलो असतो. गाताना तिची बोटं तारेवर आणि ओठ माईकला लागलेले असायचे, म्हणजे माझ्या पत्र्यात वीज उतरली तर तिची वाट प्रेरणाच्या अंगातूनच होती, हेही लक्षात ठेवा.

गुरुवारी संध्याकाळी शिवराज तालमीला आला. हा तिचा कारखान्यातला सहकारी, तालवाद्य वाजवणारा, मनाचा चांगला आणि भयंकर उतावळा. त्याने सोबत मिक्सर आणला होता. म्हणजे चटणीचा नव्हे, आवाज एकत्र करायचा. माझ्यातून एक तार त्या मिक्सरला गेली, म्हणजे हॉलच्या मोठ्या स्पीकरमधूनही गिटार ऐकू येईल. मिक्सरचा प्लग लावला जिन्यातल्या बोर्डात, माझा खोलीतल्या बोर्डात. चालू केलं आणि मी जो घुमलो म्हणता! गेल्या वर्षभराची सगळी मेहनत पाण्यात.

प्रेरणाने गिटार खाली ठेवली.

"अगं, टेन्शन काय घेती?" शिवराज म्हणाला. "इसका इलाज है अपने पास."

त्याने माझा प्लग काढला, खिशातल्या स्क्रूड्रायव्हरने वरची जाड पितळी पिन खोलून खिडकीत ठेवली आणि उरलेल्या दोन पिनांवर प्लग परत लावला. घूं बंद. पूर्ण बंद.

"तिसरी पिन अर्थिंगची असते," प्रेरणा हळूच म्हणाली. "हे बरोबर नाय, शिवराज."

"रविवारपुरतं गं. सगळेच करतात. कुणाला काय झालंय?"

ती प्लगकडे बघत राहिली. मग तिने तार छेडली. असा स्वच्छ आवाज माझ्यातून कधीच निघाला नव्हता. तिचा चेहरा उजळला. ती पहिलं गाणं गायली आणि एकेक शब्द ऐकू आला. "रविवारपुरतं," ती म्हणाली.

मित्रांनो, मला ओरडावंसं वाटत होतं. अनवाणी पाय, तार, सुटलेलं अर्थिंग. मी हे सगळं एकदा पाहिलं होतं. पण घुमणं हीच माझी भाषा, आणि तीच त्यांनी बंद केली होती.

शनिवारी सकाळी मामा आले. हातात उसाच्या कांड्या, अंगात नवा सदरा. मी चालू होतो आणि खोलीत चिटपाखरूही घुमत नव्हतं. मामांनी कान दिला आणि त्यांच्या तोंडभर हसू पसरलं. "जमवलंस की गं! कसं केलंस?"

प्रेरणा काही बोलायच्या आत त्यांची नजर खिडकीकडे गेली. पितळी पिन तिथंच पडलेली. मामांचं हसू गेलं. त्यांच्या खिशाला टेस्टर कायम लावलेला असतो. देवळातही असतो. त्यांनी तो काढला आणि माझ्या पत्र्याला टेकवला. टेस्टरमधला छोटा दिवा लाल पेटला, म्हणजे पत्र्यात वीज उतरलेली होती.

मामांनी हिसडा मारून प्लग काढला. "हे उद्या वाजणार नाय."

"मामा!"

"वाजणार नाय म्हणलं. मी हे गंगापूरला परत नेतो."

प्रेरणाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती मागे हटली नाही. "पिन काढली ही माझी चूक झाली. लाव म्हणलं तर आत्ता लावते. पण तुम्ही नऊ जागांना हात लावू देत नाय, पिन काढली की डबाच नेता. कामून? एकदा सांगा तर खरं."

मामा फळीवर बसले. उसाच्या कांड्या अजून हातातच होत्या. मग त्यांनी तिला हळदीची दुपार सांगितली. जीप, सोललेली वायर, ओलं अंगण, गोकुळ. सगळं.

"सळईची तार कुणी सोडली होती?" प्रेरणाने विचारलं.

"म्या."

एवढा एक शब्द बोलायला त्यांना पस्तीस वर्षं लागली होती. "लई घुमू राहिलं व्हतं. वरबाप तोंड सोडून बोलला. म्या तार सोडली अन् घुमायचं बंद झालं. मला वाटलं, लई शाणा मी. गोकुळला अजून वाटतंय की वऱ्हाडातल्या पोरांच्या पायात अडकून तुटली. म्या त्याला ते तसंच वाटू दिलं. बोटं त्याची गेली अन् झोप माझी."

मनकर्णाबाई चहा घेऊन जिन्यात आल्या होत्या. त्या तिथंच थबकल्या. भावाच्या तोंडून हे त्यांनीही पहिल्यांदाच ऐकलं होतं.

प्रेरणाने मामांच्या हातातून कांड्या घेऊन बाजूला ठेवल्या. तिला प्रश्न सुचला. तो तिचा स्वभावच आहे.

"मामा, सळया किती होत्या?"

"दोन. दोन डबे, दोन सळया. एक मांडवाच्या ह्या टोकाला, एक त्या टोकाला."

"अन् दोन्ही डबे एकमेकांना वायरनं जोडलेले?"

"व्हय. आवाज इकडून तिकडं जायला नको का?"

तिने वही ओढली. दोन चौकोन काढले, दोन सळया काढल्या, मधली वायर काढली. मग बोटाने एका सळईपासून निघून पहिल्या डब्यातून, वायरीतून, दुसऱ्या डब्यातून, दुसऱ्या सळईपर्यंत आणि मातीतून परत पहिलीपाशी अशी फिरली. गोल पूर्ण झाला.

"हे बघा रिंगण. दोन ठिकाणची माती सारखी नसते. म्हणून ह्या रिंगणात वीज फिरत राहते, अन् तेच घुमतं. तुम्ही एक तार सोडली, रिंगण तुटलं, म्हणून घुमायचं थांबलं." ती थांबली. "मामा, दोन्ही डबे एकाच सळईला बांधले असते, तरी थांबलं असतं."

मामांनी वही हातात घेतली. "एकाच?"

"एकाच. अर्थिंग काढायचं नव्हतं. एका जागी आणायचं होतं. ह्या नऊ जागांचं अन् दोन बोर्डांचं बी तेच."

मामा रडले. तोंडावर उपरणं न घेता, भाचीसमोर, सरळ रडले. मनकर्णाबाई येऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने मामांनीच डोळे पुसले आणि सोल्डरिंगचं यंत्र मागून घेतलं.

माझ्या नऊ जागा मामांनी स्वतःच्या हाताने सोडवल्या. सगळ्या वायरी एका जाड बोल्टवर आणून आवळल्या आणि तो बोल्ट तिसऱ्या पिनेच्या वायरीला जोडला. खिडकीतली पितळी पिन प्लगमध्ये परत बसवली. मग शिवराजला बोलावून घेतलं. त्याला मामा काही टाकून बोलले नाहीत, फक्त तीच गोष्ट पुन्हा सांगितली. शिवराज कान धरून म्हणाला, "सॉरी मामा, खरंच." मिक्सरचा प्लग जिन्यातून निघाला आणि माझ्याच शेजारी, एकाच बोर्डात लागला. आत एक जागा, बाहेर एक जागा.

प्रेरणाने बटण दाबलं. मामा डोळे मिटून बसले होते. एक मिनिट गेलं.

"अगं, चालू कर की," मामा म्हणाले.

"मामा, डोळे उघडा."

व्हॉल्व्ह केव्हाचे तांबूस पेटलेले होते. मामांनी टेस्टर पत्र्याला लावला. दिवा पेटला नाही. पुन्हा लावला. नाही पेटला. कान अगदी पोत्याला टेकवला तर एक बारीक सूं ऐकू येते, तेवढी राहिली आहे. तो माझा श्वास समजा.

त्याच दुपारच्या एसटीने मामा गंगापूरला गेले. रविवारी संध्याकाळी आले तेव्हा सोबत गोकुळकाका होते. मामांनी त्यांना वाटेत सगळं सांगितलं होतं, आणि शेंदूरवादा गाव मागे पडल्यापासून काका खिडकीबाहेर बघत आले होते. हॉलमध्ये अजून खुर्च्या मांडणं चाललं होतं. काका सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी त्यांना ओळखलं. केस पांढरे झाले होते, दोन बोटं तशीच ताठ.

त्यांनी बोर्डातून माझा प्लग उपटला. उलटा करून बघितला. एक, दोन, तीन. प्रत्येक पिनेवर अंगठा फिरवला. मग प्लग परत लावला आणि मामांकडे न बघता हात पुढे केला. "बद्री, टेस्टर."

मामांनी टेस्टर दिला. काकांनी टेस्टर गिटारच्या तारेला टेकवला, दिवा पेटत नाही हे बघितलं आणि टेस्टर परत केला. काकांनी चपला काढल्या. अनवाणी फरशीवर उभे राहिले आणि अंगठ्याने जाड तार छेडली.

मित्रांनो, पस्तीस वर्षांनी त्या हाताची तार माझ्यात आली. मी माझ्याजवळ होतं नव्हतं ते सगळं त्या सुरात घातलं. सूर खुर्च्यांवरून पार मागच्या भिंतीपर्यंत गेला आणि सावकाश विरला. काकांनी तो संपेपर्यंत ऐकला. मग पुन्हा छेडली.

"चांगला बोलतो," ते म्हणाले. जाऊन पहिल्या रांगेत बसले आणि शेजारच्या खुर्चीवर हात आपटला. "बस की बद्री. उभा काय राहिलास?"

कार्यक्रम झाला. पहिलं गाणं कुजबुजीत सुरू झालं आणि शेवटच्या रांगेतल्या आजींनी मान डोलावली. मला कुणी ऐकलं नाही. आयुष्यात माझं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं.

आता मला मोठी विनंती करायची नाही. तुमच्या घरातलं एखादं यंत्र घुमू लागलं, कुरकुरू लागलं, तर त्याचं तोंड दाबू नका. ते काय सांगतंय, ते कान देऊन शोधा. एका वेळी एकच बदल करा, आणि सोबत जाणतं माणूस असू द्या. आणि त्रास होतोय म्हणून तिसरी पिन कधी काढू नका. आपण असं काही करून बसलो असू, तर ते पस्तीस वर्षं पेटीत ठेवू नका.

गोकुळकाका आता महिन्यातून एकदा येतात. आल्याबरोबर चहाच्या आधी माझा प्लग उपटतात आणि पिना मोजतात. मामा शेजारी उभे राहून त्यांच्याबरोबर मोठ्याने मोजतात. तीन भरल्या की दोघं चहा प्यायला बसतात.